माहेरचा सर्व्हे

टाळ्या वाजल्या तेव्हा बेबीनंदाला आधी कळलंच नाही की त्या आपल्यासाठी आहेत. सभागृहातले पंखे घरघरत होते, टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि जिल्हा पुरवठ्याचे साहेब तिनंच भरलेला तक्ता माईकवरून वाचत होते. "खापरवाडी, तालुका भोकरदन. कुटुंबं एकशे बारा. अन्नाची चणचण असलेली कुटुंबं, शून्य." साहेबांनी चष्मा काढला, हसले. "आणि हे आमचं म्हणणं नाही बरं का. हा तुमच्याच संस्थेचा आकडा आहे. बेबीनंदाताई कोण? जरा उभ्या राहा." ती उभी राहिली तशी मांडीवरची फाइल खाली पडली. त्या फाइलीत खापरवाडीतल्या एकेचाळीस घरांचे अर्ज होते. मशीनवर अंगठा उमटेना, मग केवायसी झाली नाही, मग ऑनलाइनमधून नावं उडाली, आणि दिवाळीपासून त्या घरांत रेशनचा दाणा आला नव्हता. ते अर्ज आज साहेबांच्या हातात द्यायचे, चारचौघांत, म्हणून तर बाई सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती! तिनं फाइल उचलून दिली. साहेबांनी वरचा कागद वाचला, खालचा वाचला, आणि रागानं नाही, खोटं कशाला सांगा, अगदी मायेनं म्हणाले, "ताई, तुमच्याच सर्व्हेत गावात कुणी उपाशी नाही. मग ही कार्डं तातडीनं कशासाठी? नियमानं नंबर लागेल की." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तिनं नमस्कार केला आणि ती खाली बसली.

आता या सर्व्हेमागं एक वचन होतं, ते सांगायला हवं, नाहीतर तो शून्य तिला एवढा का लागला ते कळायचं नाही. संस्थेच्या आदिनाथ सरांनी प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिलं होतं: दोन हजार पंधरा साली एकशे त्र्याण्णव देशांनी मिळून शब्द दिला, की दोन हजार तीस उजाडेल तेव्हा जगात कुणी उपाशी राहणार नाही. आपल्या देशानंही दिला. सरकार आपला अहवाल तिकडं न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांकडं पाठवतं, तो गुळगुळीत असतो. म्हणून लोकांनी आपला वेगळा अहवाल पाठवायचा, गावागावात जाऊन, घराघरात विचारून. "ज्यानं शब्द दिला त्याला शब्द विचारायचा, एवढंच आपलं काम," सर म्हणाले होते. बाकीच्या बायांनी ते वहीत उतरवून घेतलं, बेबीनंदाला मात्र ते आत कुठंतरी लागलं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं दिलेले शब्द काय थोडे ऐकले होते? लग्नाच्या मांडवात ऐकले, निवडणुकीत ऐकले, गिरणी बंद पडली तेव्हा मालकाच्या तोंडून ऐकले. सगळी बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण कुणी शब्द देऊन खाली सही केली आहे, तारीख घातली आहे, आणि ती तारीख अजून उलटलेली नाही, हे तिला नवीन होतं. मला माझंच गाव द्या, असं तिनं त्याच दिवशी सरांना सांगितलं. परक्या गावात बाया मोकळ्या बोलत नाहीत. माझ्या माहेरात माझ्याशी खोटं कोण बोलणार?

बाहेर व्हरांड्यात आदिनाथ सर चहाचा कागदी कप हातात धरून उभे होते. मास्तरकी केलेला माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. "बेबीनंदाताई, रेशन बंद असलेली घरं तुम्हीच हुडकून काढली." ती म्हणाली, हो. "आणि त्याच घरांत जाऊन तुम्ही भुकेच्या आठही प्रश्नांना 'नाही' लिहिलं." ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तेच लिहिलं सर. एक अक्षर पदरचं टाकलं न्हाई." सरांनी मान हलवली. "ते मला माहीत आहे. सोमवारी अकराला साहेबांबरोबर शेवटची बैठक, आपला आकडा त्यांच्या तक्त्यात चढला की अहवाल बंद. तोवर नव्यानं फॉर्म भरून आले, खाली सही-अंगठा असला, तर आकडा बदलता येईल. माझ्या मनानं मी एक टिंब बदलणार नाही, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? राजनंदिनीला पाठवू का? नवीन पोरगी आहे, तिला गावात कुणी ओळखत नाही." बेबीनंदा ताडकन म्हणाली, "तिला तर बिलकुल सांगणार न्हाईत. परक्या पोरीपुढं घराची अब्रू कोण काढंल?" आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं, की परकीला अब्रूपायी सांगायचं नाही आणि घरचीच्या जिवाला घोर लागेल म्हणून सांगायचं नाही. मग सांगायचं कुणाला? त्या न्यूयॉर्कला?

तिनं रिक्षा केली नाही. जुन्या जालन्यातल्या भुसारवाल्यांच्या बोळातून ती पायी निघाली, आणि तिथं सगळीकडं धान्यच धान्य. ज्वारीची पोती दुकानाच्या पायरीपर्यंत आलेली, तुरीच्या डाळीचा पिवळा ढीग, हरभऱ्याची धूळ नाकात जाऊन शिंक आली. एक हमाल पोतं फेकता फेकता ओरडला, "बाई, बाजू व्हा, जल्दी!" ती बाजूला झाली, तर तिथं एक म्हातारी हातात केरसुणी घेऊन पोत्यांमधून सांडलेली ज्वारी झाडून सुपात घेत होती, खडे वेचत होती. रोज असते ती. दुकानदार तिला हटकत नाही. आज पहिल्यांदा बेबीनंदाच्या मनात आलं, हिला लेक असेल का? असली तर तिला ठाऊक असेल का? का तीही कुठंतरी सासरी बसून फोनवर ऐकत असेल, सगळं बरं हाय बाई, तू काळजी करू नको. आपण इथं रस्त्यात का उभ्या आहोत ते तिला कळेना. मागून मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला तशी ती चालू लागली.

वैशाखात सर्व्हेला गेली तेव्हा कसलं स्वागत झालं होतं! स्कूटी गावात शिरली आणि पोरांनी आरोळी दिली, केशरबाईची बेबी आली, सर्व्हेवाली झाली. घरोघर चहा, घरोघर "बस की, उन्हाची आली". पहिला प्रश्न: मागच्या बारा महिन्यांत, घरात पुरेसं खायला राहील की नाही याची काळजी वाटली का? आईच्या समोरच्या घरातली उषाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. "काळजी? आमच्या घरात कमी काय हाय ग? ह्या कुरडया घेऊन जाय, अवंदा लई झाल्यात." चौथा प्रश्न: एखाद्या वेळचं जेवण टाळावं लागलं का? सातवा: भूक असून जेवता आलं नाही, असं झालं का? आठवा: अख्खा दिवस काही न खाता गेला का? अप्पारावकाका ओट्यावरून गरजले होते, "असलं काय इचारून राह्यली तू, बेबे? आपल्या गावचं नाव खाली घालती का तालुक्यात?" सगळे हसले, तीही हसली. आणि प्रत्येक घरानं तिची ओटी भरली. कुणी तांदूळ, कुणी शेंगदाणे, कुणी शेवया, कुणी नुसती गुळाची ढेप फोडून पदरात खडा घातला. लेक माहेरातून रिकामी जात नसते. परतताना स्कूटीला पुढं पिशवी, मागं पिशवी, आणि डिकीत एकशे बारा फॉर्म, प्रत्येकावर आठ वेळा 'नाही'. ते ओझं तिनं घरी नेलं. सगळ्यांनी मिळून दोन महिने खाल्लं.

आणि खरं सांगायचं तर, हे तिनं आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, तिलाही 'नाही'च हवं होतं. बोळातून बाहेर पडता पडता हे तिच्या डोक्यात आलं आणि कानशिलं गरम झाली. दिवाळीपासून रेशन नाही हे जिला माहीत, तिला एवढंही कळू नये की हे घर खातंय कशावर? तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. चूल बघितली नाही. पेनाचं टोक 'नाही'वर आधीच टेकवून ती तोंडानं प्रश्न विचारत होती. कारण माहेर भरलेलं असावं, बस. सासरी जाऊबाईपुढं, नणंदेपुढं ताठ मानेनं सांगता यावं की आमच्याकडं काही कमी नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या, कधी न पाहिलेल्या गावात तिनं बायांना बोलतं केलं होतं, रडवलं होतं, 'हो' लिहून आणले होते. आपल्या गावात मात्र मोठी सर्व्हेवाली बाई लेक होऊन बसली. सरकार गुळगुळीत लिहितं म्हणून आपण बोंब मारायची, आणि आपण काय लिहिलं? आपलेच दात आपलेच ओठ, आता दुखतंय म्हणून कुणाकडं जायचं! तिला साहेबांचा राग येत होता, त्या टाळ्यांचा राग येत होता, उषाबाईच्या कुरडयांचा राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. घरी जाऊन तिनं भात टाकला तर नवरा राधेश्याम बियाण्याच्या कंपनीतून आला आणि म्हणाला, आज बैठक कशी झाली? ती म्हणाली, चांगली झाली.

बघा, इथंही तेच. तोंड उघडलं की 'चांगलं' बाहेर पडतं, त्याला ती तरी काय करणार? लग्न होऊन ती जालन्याला आली तेव्हा निघताना आईनं कानात सांगितलं होतं, सासरचं माहेरी सांगायचं न्हाई अन् माहेरचं सासरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघींनी तो नेम सव्वीस वर्षं पाळला. दोन हजार नऊ साली एमआयडीसीतली राधेश्यामची लोखंडाची गिरणी बंद पडली, सात महिने काम नव्हतं, तेव्हा बेबीनंदा दुपारी जेवायची नाही. सकाळचा चहा, मग रात्री उरलं तर. सासूला वाटायचं सून उपास करते, देवधर्माची आहे. एकदा नळावर चक्कर येऊन पडली आणि कळशी पायावर आली, अंगठ्याचं नख गेलं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, शेजारच्याच्या मोबाईलवरून. "बरी हायेस ना ग?" आणि ती एका पायावर उभी राहून म्हणाली, "सगळं बरं हाय माय. तुझं?" पलीकडून उत्तर आलं, "मला काय धाड भरलीय?" वडील गेले तेव्हासुद्धा निरोप काय आला, तर तब्येत जरा नरम हाय, येऊन जाय. ती पोचली तर अंगणात माणसं. मायेनं बोललेलं खोटं खोटं नसतं म्हणे. कोण म्हणतं? ज्याला तक्ता भरायचा नसतो तो म्हणत असेल.

शनिवारी सकाळच्या एसटीनं ती हसनाबादला उतरली. तिथून शेअर रिक्षा, मग अर्धा कोस पायी. वाटेत तिनं मनाशी पक्कं केलं, की आज लेक व्हायचं नाही. बसायचं नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. कागद काढायचा, नाव विचारायचं, प्रश्न विचारायचे, जसे परक्या गावात विचारतो तसे. तिची आई, केशरबाई, ओसरीवर तुराट्या मोडत बसली होती. वय सत्तरीचं, अंग वाळलेलं, पण बेबीला बघून उठली ती झटक्यात. तांब्या भरून आणला. बेबीनंदा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "पाणी नको माय."

"नको?" केशरबाईचा हात तसाच राहिला. "उन्हाची आली अन् पाणी नको? काय झालं? जावईबापू बरे हायेत ना? पोरं?"

"सगळे बरे हायेत. मी कामाला आले. पूर्ण नाव सांग."

"कुणाचं?"

"तुझं."

केशरबाई तिच्याकडं बघतच राहिली, आणि मग हसायला लागली. "येडी झाली का काय? आत ये, बस, भाकर टाकते, मंग इचार काय इचारायचं ते." आत जायला वळली देखील. बेबीनंदानं मोठ्यांदा पहिला प्रश्न वाचला. केशरबाई पाठमोरी म्हणाली, न्हाई. दुसरा वाचला, न्हाई. तिसरा, न्हाई. चौथ्याला म्हातारी वळली आणि तिचा आवाज चढला. "एकदा सांगितल्तं ना तुला? तवा लिव्हून नेल्तं ना? आता पुन्यांदा काय आईची परीक्षा घेऊन राह्यली?"

"माय, रेशन बंद हाय."

"हाय मंग?"

"शेत बटईनं दिलेलं, गेल्या साली पाण्यात गेलं. मंग तू खाती काय?"

"खाते माझं. तुला काय करायचं? तू तुझ्या घरी सुखात राह्य."

ही भिंत होती. बेबीनंदाला वाटलं कागद फाडून फेकावा, मोठ्यानं ओरडावं, ह्या बाईला दंड धरून गदागदा हलवावं. एकशे त्र्याण्णव देशांना जाब विचारायला निघालो आणि एका म्हातारीपुढं गाडी अडली. तिनं डोळे मिटले, उघडले. मग तिनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला, उंबऱ्यावर बसली, आणि वरती स्वतःचं नाव लिहिलं. "हा माझा भरते. सन दोन हजार नऊ. ऐक. जेवण टाळावं लागलं का? हो. किती वेळा? रोज. भूक असून जेवता आलं न्हाई, असं झालं का? हो. अख्खा दिवस न खाता गेला का? हो. सहा-सात येळा. तवा तुझा फोन आल्ता. मी म्हणले सगळं बरं हाय."

केशरबाईनं तांब्या खाली ठेवला. तोंडातल्या तोंडात हिशोब करत होती, दोन हजार नऊ म्हणजे धाकटा पोटात होता तेव्हाचं. आणि मग जी उसळली! "पोटुशी होती तू! पोटुशी पोरगी उपाशी राह्यली अन् मी हितं दोन टाइम भाकर खाऊन राह्यले? मला सांगितलं का न्हाई? मी काय मेल्ते? डोक्यावर पोतं घेऊन आले असते मी जालन्याला, चालत आले असते!" तिचा आवाज गल्लीपर्यंत गेला. समोरची उषाबाई दारात आली. "आईला सांगायला लाज वाटली तुला? आईला?"

"मंग तू लेकीला का न्हाई सांगत?" बेबीनंदाही ओरडली. सव्वीस वर्षांत ती आईवर पहिल्यांदा ओरडली होती, आणि ओरडताना तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. "मी बी आलेच असते ना पोतं घेऊन!"

"लेकीचं खात नसतेत."

"अन् लेकीनं तुझं खाल्लेलं चालतंय? वैशाखात पुरणाच्या पोळ्या केल्त्या तू. डाळ कुठून आणली?"

केशरबाई मटकन खाली बसली. तुराटीचा एक तुकडा उचलून तो मोडत राहिली, बारीक बारीक तुकडे होईस्तोवर. मग खालमानेनं म्हणाली, "उषाकडून. गूळ बी तिचाच. तू गेल्यावर दोघींच्या बी चुली दोन दिस बंद व्हत्या. लिव्ह आता. काय काय लिव्हायचं ते लिव्ह." बेबीनंदानं पेन उचललं. पहिलीच रेघ वाकडी गेली. पहिला प्रश्न, हो. दुसरा, हो. अशा आठ ओळी. 'किती वेळा' या रकान्यात काय लिहू विचारलं तर केशरबाई म्हणाली, मोजलं न्हाई. सकाळी कुठं मजुरी मिळाली तर तिथं शिळं-पाकं देतेत, न्हाई मिळाली तर तंबाखूची मिसरी लावून पडते, भूक मरते. अंगठा दिला तिनं, शाई मात्र सगळ्या बोटांना लागली. दारातली उषाबाई एवढा वेळ उभीच होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "माझा बी भर." आणि जाताना, रागानंच, "माझ्या कुरडयांचं काय लिव्हू नको." दुपारपर्यंत गल्लीत बातमी गेली. अप्पारावकाकांनी दारं लावून घेतली, गावाची बदनामी चालली आहे म्हणून त्यांचा आवाज आतून येत राहिला. पण त्यांची बायको मागच्या दारानं आली. शनिवार गेला, रविवार गेला. बेबीनंदानं हसनाबादहून पीठ आणवलं, पण केशरबाईनं त्या लेकीच्या पिठाला हात लावला नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस घरांतून फॉर्म भरून झाले. रविवारी संध्याकाळी केशरबाईनं विचारलं, "हे कागद बघून तो साहेब ऐकंल का तुझं?" बेबीनंदा म्हणाली, माहीत न्हाई. "मंग मी येते," म्हातारी म्हणाली. आणि जे म्हणाली ते केलं. सोमवारी पहाटेच्या पहिल्या रिक्षात ती लेकीच्या आधी जाऊन बसली. एसटीत बेबीनंदानं केळी घेतली, बिस्किटाचा पुडा घेतला. केशरबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

सभागृह तेच, पंखे तेच, फक्त दाराजवळ आज बैठकीचे फोटो काढायला एक कॅमेऱ्यावाला उभा होता. साहेबांनी फॉर्मची चळत पुढ्यात ओढली, अंगठ्यानं चाळली, आणि या खेपेला त्यांच्या बोलण्यात माया कमी होती. "ताई, शुक्रवारी शून्य आणि सोमवारी एकेचाळीस? तीन दिवसांत गावात दुष्काळ पडला का? मी वरती काय सांगू? पहिला फॉर्म खोटा की दुसरा? सही तर दोन्हींवर तुमचीच आहे." मागं कुणीतरी खुदकन हसलं. आदिनाथ सर उठले, काहीतरी बोलू लागले, पद्धत, पुनर्तपासणी, उत्तर देणाऱ्याचा संकोच, असले शब्द. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "सर, संकोच तक्त्यात बसत नाही. जुनाच आकडा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! सगळं मांडून झालं होतं, सगळं उघडं करून झालं होतं, अंगठे घेऊन झाले होते, आणि तरीही तेच. दोन हजार तीसला असंच होणार. सगळे एकमेकांना शून्य दाखवणार, टाळ्या वाजवणार, नमस्कार करून खाली बसणार. बेबीनंदानं खुर्चीची कड घट्ट धरली.

साहेबांनी चळत बाजूला सरकवली आणि विषय हलका करावा म्हणून पहिल्या रांगेतल्या म्हातारीकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. खेड्यातून आलेल्या म्हातारीशी चार शब्द बोलावेत, एवढंच. पुढच्या कागदावर सही करता करता त्यांनी विचारलं, आपण सगळेच कुणी भेटलं की विचारतो तसं, "काय आजी, जेवण झालं का?"

"न्हाई," केशरबाई म्हणाली.

सही अर्धीच राहिली. या प्रश्नाला हे उत्तर नसतं. जेवलेला आणि न जेवलेला, दोघंही 'झालं की' म्हणतात, आणि विचारणाऱ्यानंही ऐकलं-न ऐकलं करून पुढं जायचं असतं. साहेबांनी मान वर केली.

"काल बी न्हाई," केशरबाई उठून उभी राहत म्हणाली. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "परवा अर्धी भाकर, उषाच्या घरची. आज लेकीनं केळी घेतली, ती मी खाल्ली न्हाई. म्हणलं पोट भरल्यावर बोलायला गेले तर तोंडातून पुन्यांदा खोटंच निघंल."

साहेब गडबडीनं म्हणाले, "अरे, आजींसाठी नाश्ता आणा आधी, पोहे आणा," आणि शिपाई पळालाही. दोन मिनिटांत बशी आली, वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि ती केशरबाईच्या हातात आली. बेबीनंदानं पाहिलं, आईच्या गळ्याची शीर एकदा वरखाली झाली. दोन दिवसांची भूक, आणि हातात वाफाळते पोहे. "खा, आजी," साहेब म्हणाले, आणि ते खरोखर कळवळून म्हणाले.

केशरबाईनं बशी साहेबांच्या पुढ्यात, त्यांनी बाजूला सारलेल्या चळतीवर ठेवली. "हे एकटीचं झालं," ती म्हणाली. "मी एकटी खाऊन गेले, की तुम्ही लिव्हणार, म्हातारी जेवली, गाव बराबर हाय. पैले लिव्हा. मंग खाते." आणि ती खाली बसली नाही. सत्तर वर्षांचे पाय, रिकामं पोट, तरी बसली नाही. बेबीनंदा उठून तिच्या शेजारी उभी राहिली. साहेबांनी बशीकडं पाहिलं, दाराजवळच्या कॅमेऱ्यावाल्याकडं पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाले, "घ्या लिहून."

"काय लिहू?" कारकुनानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"नावं लिव्ह," केशरबाई म्हणाली, आणि गल्लीच्या वरच्या टोकापासून एकेक घर सांगू लागली. सतरा नावं होईपर्यंत पोह्यांची वाफ गेली. अठराव्या नावाला ती अडखळली, तशी बेबीनंदानं ते पुढं सांगितलं.